आपलं उत्तर जातं कुठे?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कामं आटोपली असतील तर निवांत बसून ऐका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. आजचा विषय आहे, लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण यावर विद्यापीठांमध्ये होणारी संशोधनाची व्याख्यानं. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. शब्द जड आहेत, पण त्यातली माणसं आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशाताई, रेशन दुकानदार, तहसील कचेरीत खिडकीपलीकडे बसलेले साहेब, या सगळ्यांचं काम कसं चालतं आणि कसं चालायला हवं, त्याचा अभ्यास म्हणजे लोकप्रशासन. आणि सरकारने पैसा कशावर खर्च करायचा, कुणाला काय द्यायचं, कुठल्या अटींवर द्यायचं, हे जे ठरतं ते सार्वजनिक धोरण.

मला बी.ए.ला हा विषय होता. पहिल्याच धड्यात वुड्रो विल्सन यांचं नाव होतं. त्यांनी १८८७ साली प्रशासनाच्या अभ्यासावर एक लेख लिहिला आणि तिथून हा विषय वेगळा उभा राहिला, असं आम्ही पेपरात लिहायचो. हेच विल्सन पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. परीक्षा संपली आणि पुस्तक माळ्यावर गेलं. बचत गटांचं काम हातात घेतल्यावर मात्र रोज त्या पुस्तकातलंच काहीतरी समोर यायला लागलं. कुणाचा अर्ज अडकलाय, कुणाचं नाव यादीत नाही, कुणाला "सोमवारी या" म्हणून चार सोमवार फिरवलंय.

आता मुद्द्याकडे येते. आपल्या गटांकडे अधूनमधून कॉलेजची, विद्यापीठाची मुलं-मुली येतात. हातात कागद नाहीतर टॅब असतो. तुमच्या घरात किती माणसं? पाणी कुठून आणता? किती वेळ लागतो? ग्रामसभेला जाता का? कर्ज कशासाठी घेतलं? तास-दीड तास प्रश्न चालतात. आपण चहा करतो, उत्तरं देतो, ती मुलं जातात. एका बैठकीत आमच्या एक ताई म्हणाल्या, "एवढं सगळं लिहून नेतात, पुढे त्याचं होतं काय गं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

ती उत्तरं विद्यापीठात जातात. तिथे शेकडो घरांची उत्तरं एकत्र करून ताळा घातला जातो, त्यातून निष्कर्ष काढतात. मग तो निष्कर्ष चार अभ्यासू लोकांपुढे मांडायचा असतो, त्यासाठी व्याख्यान ठेवतात. अशी व्याख्यानं मी दोन-तीनदा ऐकली आहेत. पाऊण तास संशोधक बोलतात, पडद्यावर आकडे आणि रेघा दाखवतात, आणि मग प्रश्नोत्तरं होतात. खरी मजा प्रश्नोत्तरांत असते. कुणी विचारतं, ही माणसं तुम्ही कशी निवडली? कुणी म्हणतं, याचं कारण दुसरंही असू शकेल. संशोधकाला उत्तर द्यावं लागतं, नाहीतर "हे तपासून बघतो" असं म्हणावं लागतं. आपल्या गटाच्या बैठकीत हिशोब वाचताना कुणी "थांबा, हे व्याज कसं धरलं?" असं विचारतं ना, तसंच ते.

त्या सभागृहात आपल्याला एक नाव असतं. आपल्याला 'उत्तरदाता' म्हणतात. पडद्यावर आकडा येतो, इतके उत्तरदाते. त्या आकड्यात आपली मावशी, आपली जाऊ, आपली शेजारीण असते. पण ती त्या सभागृहात नसते.

आता एक खरा अभ्यास सांगते. जगभर गाजलेला आहे आणि तो आपल्यासारख्याच बायकांच्या हंड्या-कळश्यांवर उभा आहे.

तुम्हाला माहीत आहे, ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतींमध्ये किमान एक तृतीयांश जागा महिलांना मिळाल्या, सरपंचपदंही त्यात आली. महाराष्ट्रात २०११ मध्ये हा वाटा ५० टक्के झाला. तेव्हा पुष्कळांनी विचारलं, बाई सरपंच झाली म्हणून काय फरक पडणार? सही बाईची, कारभार नवऱ्याचा. हे बोलणं आपणही ऐकलंय.

याचं उत्तर शोधायला दोन संशोधक गेले. एक कोलकात्याच्या व्यवस्थापन संस्थेचे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि दुसऱ्या अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या एस्थर डुफ्लो. याच डुफ्लोबाईंना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम जिल्हा आणि राजस्थानातला उदयपूर जिल्हा निवडला. एकूण २६५ पंचायतींची माहिती गोळा केली. २००४ साली तो अभ्यास छापून आला.

आधी त्यांची युक्ती समजून घेऊ. समजा बायका फक्त चांगल्या, सुधारलेल्या गावांतच सरपंच झाल्या असत्या. मग तिथे पाणी आलं ते बाईमुळे, की गाव मुळातच पुढारलेलं म्हणून, हे सांगता आलं नसतं. पण आरक्षण असं पडलेलं नव्हतं. बंगालमध्ये पंचायतींची क्रमांकाप्रमाणे यादी होती, त्यातली दर तिसरी पंचायत महिलेसाठी राखीव. गाव श्रीमंत आहे की गरीब, पुढारी वजनदार आहे की नाही, याचा काही संबंध नाही. आपल्या भिशीची चिठ्ठी कशी कुणाचं तोंड बघून निघत नाही, तसंच. त्यामुळे राखीव आणि बिनराखीव पंचायती मुळात सारख्याच. फरक एकच, एकीकडे प्रमुखपदी बाई असणारच. मग पुढे कामांत जो फरक दिसेल तो त्या बाईमुळे, असं म्हणायला आधार मिळाला.

आता निष्कर्ष ऐका. दोन्ही जिल्ह्यांत, जिथे बाई प्रमुख होती तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली. आणि दोन्हीकडे बायकांची मोठी मागणी पाण्याचीच होती. रस्त्याचं मात्र वेगळं निघालं. बीरभूमच्या बायका रस्ताही मागत होत्या, तर तिथे बाईच्या पंचायतीने रस्त्याची कामंही जास्त केली. उदयपूरकडे पुरुष कामासाठी सतत बाहेर जातात, त्यामुळे रस्ता ही पुरुषांची मागणी होती. तिथे बाईच्या पंचायतीने रस्त्यावर कमी आणि पाण्यावर जास्त खर्च केला.

यातून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, बायकांच्या गरजा सगळीकडे एकसारख्या नसतात. बीरभूमच्या बाईला एक हवं, उदयपूरच्या बाईला दुसरं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. बऱ्याचदा तो म्हणजे शिलाई मशीन, असं ठरूनच गेलेलं असतं. आम्हाला मशीनच हवंय, असं कुणी विचारून घेतलं होतं का?

दुसरी गोष्ट याहून मोठी. बायकांना काय हवंय हे त्या संशोधकांनी ओळखलं कसं? मनातलं तर कुणाला दिसत नाही. त्यांनी हे पाहिलं की आधीच्या काही महिन्यांत पंचायतीकडे कोण काय मागायला गेलं होतं. बायकांनी कशाची तक्रार केली, पुरुषांनी कशाची केली. म्हणजे ज्या बाईने तोंड उघडून मागणी केली, तिची मागणी मोजली गेली. जी घरी चुलीपाशी कुरकुरत बसली, तिची गरज तितकीच खरी असूनही कुठल्याच रकान्यात आली नाही. मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जे नोंदलं जात नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यावर पैसा पडत नाही.

याच बीरभूममध्ये पुढे आणखी एक अभ्यास झाला, तो २००९ मध्ये छापून आला. आपण रेडिओवर आहोत म्हणून मुद्दाम सांगते, कारण त्यात फक्त आवाजाचा खेळ होता. गावातल्या लोकांना पुढाऱ्याचं एक ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं. भाषण शब्दन् शब्द तेच. काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या. मग विचारलं, हा पुढारी कसा वाटला? ज्या गावांनी कधी महिला प्रमुख पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी मार्क दिले. जिथे महिलेने कारभार केला होता, तिथे हा फरक उरला नाही. बाई पुढारी नको, ही आवड काही लगेच बदलली नव्हती. पण बाईला कारभार जमत नाही, हा समज मात्र गळून पडला. डोळ्यांनी बघितल्यावर माणूस बदलतो तो असा.

आणि मुलींचं काय झालं? २०१२ मध्ये याच संशोधकांच्या गटाने पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबापांना विचारलं, मुलाने किती शिकावं, मुलीने किती शिकावं, मोठेपणी काय व्हावं. मुलांना आणि मुलींनाही विचारलं. सगळीकडे मुलाबद्दलच्या अपेक्षा जास्त, मुलीबद्दलच्या कमी. पण लागोपाठ दोन वेळा महिला प्रमुख असलेल्या गावांत ही दरी, कधीच महिला प्रमुख नसलेल्या गावांच्या तुलनेत, आईबापांमध्ये २५ टक्क्यांनी आणि मुलामुलींमध्ये ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. तिथे किशोरवयीन मुलं आणि मुली यांच्या शिक्षणातलं अंतर नाहीसं झालं होतं आणि मुली घरकामात कमी वेळ घालवत होत्या. बाई खुर्चीत बसली की गल्लीतली दहा वर्षांची पोर ते बघत असते, हे आपण म्हणतो. इथे ते आकड्यांत दिसलं.

आता कुणी म्हणेल, ताई, म्हणजे बाई सरपंच झाली की सगळं ठीक. तसंही नाही. म्हणून दुसरी बाजू सांगते. रडू बान आणि विजयेंद्र राव यांनी दक्षिणेतल्या चार राज्यांचा अभ्यास केला, तो २००८ मध्ये छापून आला. तिथे महिला अध्यक्षांचे निर्णय बायकांच्या गरजांना पुरुषांपेक्षा जास्त धरून होते, असं काही दिसलं नाही. शिवाय गावात वरच्या जातीच्या जमीनदारांचा दाब असेल तर बाईचं काम मागे पडतं, आणि तिला अनुभव असेल तर काम सुधारतं, असंही त्यांना आढळलं. दोन अभ्यास, दोन निष्कर्ष. यातला एक खोटा असं समजू नका. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, पण ते शीत ज्या पातेल्यातलं असेल त्याच पातेल्याची परीक्षा होते. शेजारणीच्या पातेल्यातला भात कच्चा आहे का, हे आपल्या पळीवरच्या शितावरून कळत नाही. म्हणून कुणीही "संशोधनात सिद्ध झालंय" म्हणाला की विचारायचं, कुठल्या गावात? कुणाला विचारलं? कधी विचारलं?

आता "कुणाला विचारलं" हा प्रश्न जरा आपल्याच अंगणात आणते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. माणसाचे दिवसाचे चोवीस तास कशात जातात, त्याची नोंद. त्यात दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. बाईचे जवळजवळ पाच तास, पुरुषाचा दीड तासाहून थोडा जास्त. आता आपण काय करतो ते बघा. सर्वेक्षणवाली मुलगी विचारते, "काकू, तुम्ही काय करता?" आणि आपण म्हणतो, "काही नाही गं, घरीच असते." पाच तासांचं काम आपणच आपल्या तोंडाने शून्य करून टाकतो. किंवा दारात नवरा उभा राहतो आणि आपल्या वतीने तोच उत्तरं देतो. मग निष्कर्षात आपण दिसत नाही, याचं नवल कशाला?

आपल्या महाराष्ट्रातही बायकांचं काम नोंदवणारे अभ्यास झाले आहेत. १९७२ च्या दुष्काळाच्या काळातल्या कामांतून रोजगार हमी योजना वाढली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खडी फोडायला, माती वाहायला बायका मोठ्या संख्येने जात होत्या. पुण्याच्या कुमुदिनी दांडेकर यांनी रोजगार हमीकडे बायकांच्या कामाची संधी या दृष्टीने पाहणारं पुस्तक १९८३ मध्ये लिहिलं. आपल्या आज्या-मावश्या ज्या कामावर गेल्या, त्याची कुणीतरी नीट नोंद केली म्हणून आज त्यावर बोलता येतं.

आता कचेरीच्या खिडकीकडे वळू. लोकप्रशासनात अलीकडे एका विषयावर बरीच चर्चा होते. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं. सरकारी मदत मिळवताना नागरिकावर एक भार पडतो आणि त्याचे तीन भाग असतात. पहिला, माहिती काढण्याचा. योजना आहे हे कळणं, आपण तिच्यात बसतो का ते कळणं. दुसरा, अटी पुऱ्या करण्याचा. कागद, फेऱ्या, पैसे, वेळ. तिसरा, मनावर पडणारा. अपमान, भीती, कुणाचे तरी उपकार घेतोय असं वाटणं. हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्याच्यावर जास्त पडतो, असंही ते सांगतात. त्यांची उदाहरणं अमेरिकेतली आहेत. पण मला वाचताना आमच्या गटातल्या एक मावशी आठवल्या.

मावशींचे यजमान वारले. निराधार योजनेतून पैसे मिळू शकतात हे त्यांना कितीतरी महिने माहीतच नव्हतं. हा झाला पहिला भार. मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, यजमानांच्या मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक, सगळ्यांच्या झेरॉक्स. एका कागदावर नाव एका पद्धतीने, दुसऱ्यावर दुसऱ्या. प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. हा दुसरा. आणि खिडकीवर चार लोकांत "मुलगा सांभाळत नाही का तुम्हाला?" असं विचारलं, तेव्हा मावशी तिथून निघून आल्या आणि महिनाभर पुन्हा गेल्याच नाहीत. हा तिसरा. योजनेच्या कागदावर मावशी पात्र होत्या. त्यांच्यात आणि पैशात ही तीन ओझी होती. कचेरीच्या हिशोबात मात्र इतकंच दिसलं असतं, की या गावातून अर्ज आला नाही. गरज नसेल.

म्हणून हे शास्त्र आपल्या उपयोगाचं आहे, असं मी म्हणते. जे आपण "आपलं नशीब" म्हणून सोडून देतो, त्याला इथे नाव मिळतं. नाव मिळालं की ते मोजता येतं. मोजलं की कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

मग आपण काय करायचं? चार गोष्टी सांगते. चारही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली. सर्वेक्षण करणारे आले की आधी आपण विचारायचं. बाळा, तू कुठून आलीस, हे कशासाठी आहे, माझं नाव छापणार का? हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर "नाही" म्हणता येतं, मधेच थांबताही येतं. चांगला संशोधक त्याने रागावत नाही. आणि उत्तर द्यायचं ठरलं तर स्वतः द्यायचं, खरं द्यायचं. सरकारी मदत मिळेल या आशेने कमी सांगू नका आणि लाजेपोटी जास्त सांगू नका. खोट्या उत्तरावर खोटं धोरण बनतं आणि ते परत आपल्याच गळ्यात पडतं.

दुसरी. जाताना त्यांच्याकडून शब्द घ्यायचा. तुमचं काम झालं की आमच्या गटापुढे येऊन अर्धा तास मराठीत सांगा, काय सापडलं ते. गटाच्या वहीत त्यांचं नाव, संस्था आणि फोन लिहून ठेवायचा आणि मागे लागायचं. आपण माहिती देतो, वेळ देतो, तर निष्कर्ष ऐकणं हा आपला वाटा आहे. विद्यापीठांत होणारी बरीच व्याख्यानं कुणालाही ऐकता येतात. विभागात फोन करून विचारता येतं. इंग्रजीत असेल तर शेवटी मराठीत प्रश्न विचारायचा. मी विचारला होता. मॅडमनी मराठीत उत्तर दिलं, आणि पहिल्या दहा मिनिटांत जे डोक्यावरून गेलं होतं ते तेव्हा समजलं.

तिसरी. गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवायचं. त्यावर रकाने पाडायचे. कुठल्या कामासाठी गेलो, किती फेऱ्या झाल्या, किती पैसे गेले, मजुरीचे किती दिवस बुडाले, काय सांगून परत पाठवलं. तारीख घालायची. बाई शिकलेली नसेल तर तिच्या लेकीला लिहू दे. एका गटाचं पान म्हणजे गाऱ्हाणं. पंधरा-वीस गटांची पानं एकत्र झाली की तोच अभ्यास. प्रभागसंघाच्या बैठकीत तो ठेवता येतो. अर्ज दिला की पोच घ्यायची, हेही विसरायचं नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात जाहीर केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात, नाकारल्या तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. पण पोच नसेल तर मुदत कधीपासून धरणार?

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायतीचा कायदा सांगतो. ती सभा आपली आहे. एका गावातला अनुभव सांगते, गावाचं नाव राहू दे. तिथल्या बायकांनी महिला सभेत पाण्याबद्दल तळमळीने सांगितलं. वरच्या आळीचा हापसा बंद, खालच्या आळीत नळाला अर्धा तास पाणी. सगळ्या बोलल्या, मन मोकळं झालं, घरी गेल्या. पुढे इतिवृत्ताची वही पाहिली तर त्यात एकच ओळ, "महिलांच्या विविध अडचणींवर चर्चा झाली." पाणी हा शब्दच नाही. हापसा नाही, आळी नाही. पुढच्या सभेला त्या बायका लेखी अर्ज घेऊन गेल्या. कुठला हापसा, कधीपासून बंद, किती घरं, पाणी आणायला किती वेळ जातो, सगळं लिहिलेलं. खाली सह्या आणि अंगठे. आणि ठराव लिहून, वाचून दाखवून, त्याचा क्रमांक घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असं ठरवूनच गेल्या. हापसा दुरुस्त झाला. नळाचं अजून चालू आहे, ते लगेच होणारं काम नाही. पण आता वहीत पाणी आहे, तारीख आहे, क्रमांक आहे. उद्या बीरभूमसारखे कुणी संशोधक या गावात आले आणि म्हणाले, बघू इथल्या बायकांनी काय मागितलं होतं, तर त्यांना ते दिसेल.

तर, आपलं उत्तर जातं कुठे? ते वहीत जातं, आकड्यात जातं, व्याख्यानात जातं आणि कधीकधी सरकारच्या निर्णयातही जातं. ते वाटेत हरवू नये, हे बघणं आपल्याही हातात आहे. पुढची ग्रामसभा जवळ आली की आपल्या गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. अर्ज आधी लिहून ठेवा. लिहायला अडचण आली तर तुमच्या गावच्या सीआरपी ताईंना सांगा, नाहीतर आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

आणि उद्या दारात कुणी मुलगी टॅब घेऊन आली, "काकू, तुम्ही काय करता?" असं तिने विचारलं, तर "काही नाही" म्हणू नका. पहाटे उठल्यापासूनचं सगळं सांगा. तिला लिहायला वेळ लागला तर लागू दे.